जमिनीच्या वाट्याचा कडबा

आमच्याकडे यंदा ज्वारी किती झाली असं कुणाला विचारलं, की माणूस आधी पोती सांगतो आणि मग आवाज जरा खाली आणून कडब्याच्या, म्हणजे वाळलेल्या ताटांच्या, पेंढ्या सांगतो. कान द्यायचा तो दुसऱ्या आकड्याकडे. दाण्याचा भाव बाजारात ठरतो. कडब्याचा भाव पाऊस ठरवतो, आणि पाऊस जितका वाईट तितका कडबा महाग. ज्या वर्षी रान हात आखडतं, त्याच वर्षी त्यातलं वाळकं चिपाडही शेकडा पेंढ्यांच्या भावाने विकलं जातं. २०१२-१३ ला किंवा २०१८-१९ ला सोलापूर जिल्ह्यातल्या चारा छावण्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून इथल्या मातीच्या आरोग्याबद्दल काही बोलायचं तर मला वाटतं ते कडब्यापासून बोलावं.

बोलतात मात्र सगळे नांगरापासून. नांगर सोडा, जमीन जिवंत होईल, उत्पन्न वाढेल, असं सांगणारे व्हिडिओ हल्ली गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत असतात. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, पण मोहोळ तालुक्यातलं ते रान कसतात माझे चुलते, तात्या. मी सोलापुरात राहते, सुट्टी मिळाली की गावी जाते, आणि तात्यांच्या भाषेत सांगायचं तर ‘यूट्यूब बघून रानात येते’. त्यांचा टोमणा मला मान्य आहे. पण त्या व्हिडिओंमधून सुटलेला धागा पकडून मी या विषयाचं बरंच वाचलं, आणि वाचता वाचता एक गोष्ट पक्की होत गेली: आमच्या भागात नांगर सोडणं तसं सोपं आहे. कडबा सोडणं महाकठीण.

संवर्धित शेती म्हणून जी पद्धत जागतिक अन्न व कृषी संघटनेने जगभर पोचवली, तिच्या अटी तीन. जमीन कमीत कमी हलवायची. तिचा किमान ३० टक्के भाग पिकाच्या अवशेषांनी कायम झाकलेला ठेवायचा. आणि पिकांची फेरपालट करायची. ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ नावाच्या शेतकऱ्याने १९७२ मध्ये न नांगरता सोयाबीन पेरलं, कारण उतारावरची त्याची माती मुसळधार पावसात डोळ्यांदेखत वाहून चालली होती. तिथला पाऊस आमच्या जवळजवळ तिप्पट. पंजाब-हरियाणात भात निघाल्यावर त्याच रानात न नांगरता गहू पेरायची रीत रुजली. तिथे पाण्याला बोअर आहे आणि पेंढा इतका, की तो जाळतात म्हणून दिल्लीकर खोकतात. आमच्या मोहोळ-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू पट्ट्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही जूनमध्ये तोंड दाखवून जुलै-ऑगस्टला दडी मारणारा आणि सप्टेंबरात एकदम कोसळणारा. म्हणून तर आमची शेती रब्बीची. पावसाळाभर रान पडीक ठेवायचं, कुळवाच्या, म्हणजे माती वरवर हलवणाऱ्या अवजाराच्या, पाळ्या घालून तण मारायचं, पडेल ते पाणी काळ्या मातीत मुरवायचं, आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरायची. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपसता येईल असं दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी धरून ठेवते. त्यानंतर पाऊस पडला तर पडला. नाहीतर पेरणीपासून हुरड्यापर्यंत आणि हुरड्यापासून काढणीपर्यंत ज्वारी त्या साठवलेल्या ओलीवरच जगते.

आता नांगराचं. आमच्याकडे दरवर्षी रान नांगरलंच पाहिजे ही जी श्रद्धा आहे, ती वाटते तितकी जुनी नाही. आजोबांच्या काळात भारी जमिनीतल्या लाकडी नांगराला तीन-चार जोड्या बैल लागायचे. एवढे बैल एका घरी नसत. सावड करायची, एकमेकांच्या रानात जायचं, त्यामुळे एखाद्या शेताची पाळी काही वर्षांनी यायची, तीही हरळी किंवा कुंद्यासारखं चिवट तण माजलं असेल तर. एरवी कुळव. १९०३ साली किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते असं सांगतात. आता नांगर थांबवा म्हटलं की जमीन कडक होऊन मरेल असं म्हणतात. दोन्ही भीतींच्या मध्ये कुठेतरी ट्रॅक्टर आला, आणि जे काम सहा बैलांना जड जायचं ते एका सकाळी डिझेलवर होऊ लागलं. होऊ लागलं म्हणून दरवर्षी करू लागले. मार्चमध्ये ज्वारी निघाली की नांगरट, मग ढेकळं दोन महिने उन्हात पडलेली. ‘रान तापलं पाहिजे’ हे त्याचं कारण. तापण्याने हरळीच्या काशा वाळतात, किडींचे कोष उघडे पडतात, हे खरंच आहे. पण मातीतला जो थोडाफार सेंद्रिय अंश उरलेला असतो तोही हवा आणि उष्णता लागून झपाट्याने जळतो. एप्रिल-मेमधल्या सोलापूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू.

गंमत म्हणजे आपल्या संशोधकांनीही दरवर्षी नांगरा असं सांगितलं नव्हतं. पुण्याजवळच्या मांजरी गावात १९२३ पासून आणि सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर जे काम झालं, त्यातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ तयार झाली. तिच्यात बांधबंदिस्ती होती, शेणखत होतं, बी कमी टाकून ओळी दूर ठेवणं होतं, पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवणाऱ्या कोळपण्या होत्या आणि खोल नांगरटही होती. पण तीन वर्षांतून एकदा. शिवाय काळी माती स्वतःच स्वतःला उलथत असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत गळते, पावसात चिकणमाती फुगली की खालचा भाग वर रेटला जातो. हे हजारो वर्षं चाललंय. अशा जमिनीत दरसाल नऊ इंच खाली जाऊन माती पालथी घालायला पदरचे पैसे मोजायचे, हे मला तरी पटत नाही. आणि तात्यांनाही, डिझेलचा भाव वाढल्यापासून, फारसं पटेनासं झालंय. नांगरट सोडायला ते एका चहात तयार झाले होते.

कोळपणी सोडायला मात्र नाही. आणि इथे मी पुस्तकाच्या नव्हे, तात्यांच्या बाजूने आहे.

‘कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ ही आमच्याकडची जुनी म्हण आहे, आणि ती नुसती म्हणायची म्हण नाही. रब्बी ज्वारीला पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासाच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करायची, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पहिल्या दोन तणासाठी. तिसरी भेगांसाठी. ज्वारी पोटरीला येऊ लागते, म्हणजे ताटाच्या पोटात कणीस धरू लागतं, तेव्हा खालची ओल ओढली गेलेली असते, जमीन आकसते, भेगा पडायला लागतात, आणि त्या भेगा म्हणजे खालच्या ओलीला बाहेर पडायला उघडलेली दारं. दातेरी कोळपं फिरलं की वरची माती भुगा होऊन त्यांत बसते. तात्या हे सगळं एका वाक्यात सांगतात: “भेग बुजवली न्हाई तर दाणा भरायच्या टायमाला रान वरनं बी पितंय अन् खालनं बी.” जमीन हलवू नका हा नियम अक्षरशः पाळला, तर ही दारं तशीच उघडी राहणार. ब्राझीलच्या लाल मातीला ही अडचण नाही. तिला अशा भेगा पडतच नाहीत.

मग जमीन न हलवता भेगा कशा थांबवायच्या? झाकून. त्याचीही शिफारस आहेच: तुरीच्या काड्या, भुसा, वाळलेलं गवत, जे मिळेल ते हेक्टरी ५ टन ओळींमध्ये पसरायचं. झाकलेल्या जमिनीला ऊन लागत नाही, वारा लागत नाही, भेग उशिरा पडते, तणही कमी येतं, आणि तिथे कोळपं नसलं तरी चालतं. शास्त्राचं उत्तर इतकं सरळ आहे. फक्त एकरी दोन टन काडीकचरा कुठून आणायचा तेवढं कुणी सांगत नाही. शोधायला निघालं की आपण फिरून कडब्याच्या गंजीपाशीच येऊन उभे राहतो.

तर आता कडब्याचा हिशोब. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात रब्बी ज्वारीवर २२ वर्षं चाललेल्या खतांच्या प्रयोगातून असं दिसलं, की जमिनीतला सेंद्रिय कार्बन आहे तिथे टिकवायचा असेल तर हेक्टरी दरवर्षी सुमारे १.१ टन कार्बन मातीत परत गेला पाहिजे. वाढवायचा तर याहून जास्त. वाळलेल्या पाल्यापाचोळ्यात साधारण ४०-४५ टक्के कार्बन असतो, म्हणजे हा आकडा हेक्टरी अडीच टन कोरड्या वजनाचा झाला. एकरी टनभर. बऱ्या वर्षी आमच्या रानात एकरी कडबा निघतो दीड-दोन टन. म्हणजे जमीन नुसती जागेवर राहावी, बिघडू नये, एवढ्यासाठीच ती अर्ध्याहून जास्त कडबा मागते. यातला काही भाग मुळांमधून आणि धसकटांमधून, म्हणजे कापल्यावर उरणाऱ्या बुडख्यांमधून, भागतो. भागला असता, असं म्हणायला पाहिजे. कारण आपण रब्बी ज्वारी कापत नाही, उपटतो.

ज्यांनी ज्वारी उपटली नाही त्यांना हे काम काय आहे ते कळणार नाही. फेब्रुवारीत जमीन दगड झालेली असते. ताट दोन्ही हातांनी बुडाशी धरायचं, कमरेचा झटका द्यायचा, मुळासकट वर आलं की पायावर आपटून माती झाडायची. दुपारपर्यंत तळहात सोलतात. माझी आई सांगते, लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या हातांना फडकी बांधलेली असायची आणि तरी भाकरी थापायची तीच. हे का करायचं? कारण कापली तर बुडाचा वीतभर भाग रानात राहतो, आणि तो वीतभर भाग म्हणजे जाड, गोडसर, वजनदार कडबा. शिवाय रान साफ राहतं, पायाला धसकटं लागत नाहीत, पेरणीची पाभर अडकत नाही. उपटलेल्या ताटाबरोबर मुळांचा झुपकाही पेंढीत बांधला जातो. ज्या मुळांनी चार महिने मातीला धरून ठेवलेलं असतं, ती मातीला परत मिळतच नाहीत. जमिनीकडून घ्यायचं ते दाण्यापासून मुळापर्यंत सगळं घेण्याचं इतकं निगुतीचं तंत्र दुसऱ्या कुठल्या पिकात असेल असं मला वाटत नाही.

आज्जी बलुत्याच्या गोष्टी सांगायची. खळ्यावर रास पडली की घरात दाणा नेण्याआधी सुताराचं, लोहाराचं, चांभाराचं, न्हाव्याचं बलुतं निघायचं. ज्यांच्यावाचून शेती होत नाही त्यांचा वाटा आधी. त्या यादीत जमीन कधीच नव्हती, आणि तिला वेगळा वाटा काढायची गरजही नसावी, कारण तो न मागता तिच्याकडे जात होता. कडबा बैल खात, शेण उकिरड्यात जाई, उकिरडा पाडव्यानंतर गाडीने रानात पडे. दावणीतली उष्टी चिपाडंसुद्धा त्यातच. कडबा जनावराने खाल्ला तरी जमिनीचा वाटा तिला मिळायचाच, फक्त वर्षभर उशिरा. आणि त्यातला काही गोवऱ्या होऊन चुलीत जायचा, ते सोडून देऊ.

ही साखळी तुटली ती बैल गेले तेव्हा. आमच्या भागातली खिलार जोडी आता सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात बघायची, किंवा हौशी लोकांकडे. दावण रिकामी झाली, पण कडबा पिकतोच. मग तो ट्रक भरून बाहेरच्या गोठ्यांना जातो. तिकडच्या म्हशी खातात, त्यांचं शेण तिकडच्या रानात पडतं. गावात जे शेणखत निघतं त्याला डाळिंबाची आणि द्राक्षाची बाग ट्रॉलीला मागेल ती किंमत देते; कोरडवाहू ज्वारीची ती ऐपत नाही. ट्रकने गेलेली कडब्याची प्रत्येक पेंढी हा मातीतला कार्बन आणि पालाश आहे, हे पावतीवर कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून ‘अवशेष जमिनीवर राहू द्या’ असं कोरडवाहू शेतकऱ्याला सांगणाऱ्या माणसाने एक तर दुष्काळ पाहिलेला नाही, नाहीतर त्याच्याकडे जनावर नाही, असं मला वाटायचं. नंतर कळलं की हे म्हणणारी मी एकटी नाही. आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या बाबतीत केन गिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: जिथे चारा अपुरा आहे तिथे अवशेषांवर पहिला हक्क गुरांचा असतो, आणि तो हक्क मोडून संवर्धित शेती उभी राहत नाही.

उत्पन्नाचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. तात्यांचा तर पहिला तोच असतो. २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ६३ देशांतले ६१० अभ्यास एकत्र करून केलेली एक मोठी पाहणी आली. त्यातला निष्कर्ष नांगरविरोधकांना आवडणारा नाही. नांगर तेवढा सोडला आणि बाकीच्या दोन अटी पाळल्या नाहीत, तर उत्पन्न सरासरी १० टक्क्यांच्या आसपास घटतं. तिन्ही अटी पाळल्या तर घट अडीच टक्क्यांवर येते. पण कोरड्या हवामानात, निव्वळ पावसावरच्या शेतीत, तिन्ही अटी एकत्र पाळल्या तर चित्र उलटतं आणि उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे ही पद्धत जिथे सगळ्यांत जास्त उपयोगाची, ते हवामान आपलं. आणि तिच्यासाठी जे आच्छादन लागतं, ते सगळ्यांत कमी असणारं हवामानही आपलंच. या पाहणीतून सोलापूरने एवढं जरी उचललं तरी पुष्कळ आहे, की झाकण नसेल तर नांगर सोडून फायदा नाही. अर्धवट केलेलं इथे काहीच न केलेल्यापेक्षा वाईट निघू शकतं.

ज्यांच्याकडे झाकण आहे ते काय करतात हे पाहायचं असेल तर संध्याकाळी उजनी धरणाच्या लाभक्षेत्रातून जावं. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं, आणि ऊस तुटून गेला की फडाला काडी. ते न जाळता सरीत पसरून, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकलं तर खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी कमी लागतं, तण येत नाही, जमीन सुधारते. हे ऊसवाल्यांना माहीत नाही असं नाही. सगळ्या कारखान्यांचे शेती अधिकारी ओरडून सांगतात. तरी धूर दिसतोच. यावर मी जास्त लिहिणार नाही, रक्तदाब वाढतो.

परत आमच्या रानाकडे. ओढ्यालगतच्या मध्यम जमिनीची एक पट्टी तात्यांनी माझ्यासाठी सोडली, ‘तुझा हट्ट’ म्हणून. तिला काही वर्षं नांगर लागलेला नाही. पावसाळ्यात मूग किंवा उडीद, तो साधला नाही तर ताग, मग मागे ज्वारी किंवा हरभरा, अशी फेरपालट. खरिपाला रान झाकलेलं राहिलं की सप्टेंबरातला आडवातिडवा पाऊस माती ओढ्यात नेत नाही, हा पहिला फायदा लगेच डोळ्यांना दिसला. पट्टीशेजारच्या उघड्या कुळवलेल्या रानातून पाणी चहाच्या रंगाचं येतं, पट्टीतून येतं ते बरंच नितळ. पण जूनचा पाऊस फसला तर मूग नाही आणि ओलही थोडी मुगाने खाल्लेली, हा धोका आहेच. भारी खोल जमिनीत तो झेपतो, मध्यममध्ये दर वर्षी नाही. ज्वारीचं धसकट आणि पाला रानात ठेवला त्या सुरुवातीच्या हंगामात पीक पिवळं पडलं. ज्वारीच्या काडीत नत्राच्या साठपट किंवा त्याहून जास्त कार्बन. ती कुजवायला बसलेले जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि पीक उपाशी राहतं. पेरताना थोडं नत्र जास्त द्यावं लागतं. वाळवीही आली. तात्यांनी बोटाने दाखवलीच. पण गांडूळ नसलेल्या कोरड्या रानात काडी मातीत नेण्याचं काम बऱ्याच अंशी वाळवीच करते, हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, एवढंच म्हणते.

जमिनीच्या सरकारी आरोग्य पत्रिकेवर या सगळ्याचं फारसं प्रतिबिंब पडत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (म्हणजेच कार्बन), नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. आमचा सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या आसपास घुटमळतो आणि अजून तिथेच आहे. कोरड्या उष्ण हवेत तो वर्षा-दोन वर्षांत हलत नाही. हलला तर वरच्या चार बोटांत. पाणी किती वेगाने मुरतं, ढेकूळ किती टिकतं, हे त्या कागदावर नसतं. ते घरीच बघता येतं. वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडायचं. नांगरलेल्या रानातलं सोडल्या सोडल्या विरघळून खाली चिखल होतं. बांधावरचं, जिथे वर्षानुवर्षं गवताची मुळं आहेत, ते तासाभरानेही आपला आकार धरून असतं. पट्टीतलं या दोघांच्या मध्ये कुठेतरी, आणि प्रत्येक ठिकाणचं वेगळं. आईने ग्लास घासताना काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आणि पट्टीतली ज्वारी? शेजारच्या रानाएवढीच, एखाद्या वर्षी थोडी कमी. पाऊस लवकर थांबला त्या हंगामात मात्र पट्टीतली ताटं काही दिवस जास्त हिरवी राहिली आणि दाणा टपोरा भरला. खर्च कमी झाला, हे नक्की: नांगरट नाही, कुळवाच्या पाळ्या कमी. कोळपं आम्ही सोडलेलं नाही. जिथे झाकण विरळ आहे तिथे तिसरी कोळपणी होते, आणि पुस्तकाला काय वाटायचं ते वाटो.

झाकणासाठी दुसरी वाट आम्ही बांधावर शोधतोय. त्या २२ वर्षांच्या प्रयोगातही निम्मं नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मं युरियातून, हा पर्याय उजवा ठरला होता. सुबाभळीवर शेळ्या तुटून पडतात, म्हणून आम्ही बांधाला गिरिपुष्प लावलं. त्याच्या वासामुळे सहसा कुणी त्याला तोंड लावत नाही. पाल्यात नत्र भरपूर, दोन-तीनदा छाटता येतो, आणि त्यावर जनावराचा हक्क नाही. जमिनीचा वाटा ज्यावर दुसऱ्या कुणाचा डोळा नाही अशाच गोष्टीतून काढावा, हे मला यातून पटलं. ज्वारीच्या दोन ओळींनंतर तुरीची ओळ असेल तर तुरीचा गळणारा पालाही त्यातच.

पण तेवढ्याने एकरी टन होत नाही. वीतभर धसकट राहिलं तर बरीचशी तूट भरते, मुळांसकट धरलं तर आणखी. आणि इथे मला एका अनपेक्षित ठिकाणाहून मदत मिळालीय: ज्वारी उपटायला आता माणसं मिळत नाहीत. पोरी शिकल्या, बायका सोलापूरच्या कामांना जातात, आणि ज्या येतात त्या उपटायला वेगळा रोज मागतात, जो त्यांनी मागितलाच पाहिजे. शेजारच्या दोघा-तिघांनी विळ्याने कापायला सुरुवात केलीय, एकाने कापणी यंत्र लावलं. त्यांच्या रानात वीत-दीड वीत धसकट आपोआप उभं राहतं. मातीच्या कळवळ्याने नव्हे, मजुरीच्या हिशोबाने. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

तात्यांचा विरोध दोन गोष्टींवर उरलाय. एक, पाभरीच्या फणात धसकट अडकतं आणि बी उघड्यावर पडतं. त्यावर ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र हा उपाय आहे, पण गावातलं एकुलतं एक यंत्र हस्तात सगळ्यांनाच हवं असतं. दुसरी गोष्ट, पेंढी आखूड होते आणि व्यापारी शेकड्यामागे भाव पाडतो. “तुझ्या मातीला खायाला घालायचं, ते माझ्या कडब्यातनं व्हय?” असं त्यांनी विचारलं, आणि त्याला माझ्याकडे रास्त उत्तर एकच होतं. रान आम्ही वाट्याने करतो. मी म्हटलं, यंदा भारी जमिनीतली ज्वारी कापायची, धसकट ठेवायचं, आणि आखूड पेंढीने जे नुकसान होईल ते माझ्या वाट्यातून वजा करायचं. तात्या तयार झालेत. शेकड्यामागे किती धरायचे यावर घासाघीस चालू आहे. ते म्हणतात मागच्या दुष्काळातला भाव धरायचा, मी म्हणते यंदाचा.